आधी बिअर चाखा, मग लेख पाठवा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही खाण्यापिण्याविषयी नियमित लिहिता आणि घरी बिअरही बनवता. एका खाद्यलेखन स्पर्धेत लेख पाठवायचा विचार चालू आहे, आणि त्याच सुमारास एका होमब्रू, म्हणजे घरगुती बिअरच्या, स्पर्धेत मदतीला आणि जमल्यास परीक्षणाला बसण्याचं बोलावणं आलं आहे. दोन्ही करावं का, आधी काय करावं आणि तयारी कशी करावी?

दोन्ही करा. शक्य असेल तर आधी परीक्षकांच्या टेबलावर बसा आणि लेख त्यानंतर पाठवा. मी बरीच वर्षं दोन्हीकडे वावरतो आहे, कधी स्पर्धक म्हणून, कधी परीक्षक म्हणून. माझं ठाम मत आहे की बिअरची गुणपत्रिका भरताना लिहिण्याची जी शिस्त लागते, ती खाद्यलेखकाला दुसरीकडे सहजी मिळत नाही. गुणपत्रिकेला एकच वाचक असतो: ती बिअर बनवणारा. त्याने कित्येक आठवडे राखलेली बिअर तुम्ही दहा-पंधरा मिनिटांत चाखता. तुमच्या ग्लासात नेमकं काय होतं आणि पुढच्या वेळी त्याने काय बदलून बघावं, हे दोन्ही त्याला तुमच्या चार ओळींतून कळायला हवं. ‘छान जमली आहे’ किंवा ‘विशेष आवडली नाही’ याचा त्याला काडीचा उपयोग नाही.

या दोन क्षेत्रांचं नातं जुनं आहे. आज स्पर्धांमध्ये बिअरच्या ज्या कॅटेगरी दिसतात, त्यांची मांडणी मुळात एका लेखकाच्या कामातून आली. मायकल जॅक्सन (गायक नव्हे, ब्रिटिश पत्रकार) याने १९७७ मध्ये जगभरातल्या बिअरचं शैलीनुसार वर्गीकरण करून लिहिलं आणि लोकांना बिअरबद्दल बोलायला शब्द दिले. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, अमेरिकेत घरगुती बिअर बनवणं संघराज्याच्या पातळीवर कायदेशीर करणारा कायदा झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन सुरू झाली. स्पर्धा वाढल्या तसे प्रशिक्षित परीक्षक हवेसे झाले, म्हणून १९८५ मध्ये बीजेसीपी, म्हणजे बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, उभा राहिला. आज अनेक देशांतल्या होमब्रू स्पर्धा त्याच्याच स्टाईल गाइडलाइन्स आणि गुणपत्रिका वापरतात.

ती गुणपत्रिका खाद्यलेखकाने एकदा नीट वाचावी. एकूण गुण ५०. त्यातले वासाला १२, रंगरूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकूण प्रभावाला १०. रंगरूपाला ५० पैकी फक्त ३! स्पर्धेला येणाऱ्या खाद्यलेखांत याच्या नेमकं उलट दिसतं. अर्धा लेख ताटाच्या रंगांवर, वाफेवर, चकाकीवर खर्च झालेला असतो, वासाला एखादं वाक्य मिळतं, आणि पोत तर ‘तोंडात टाकताच विरघळणारा’ यापुढे जातच नाही. डोळ्यांना दिसतं ते लिहायला सोपं, म्हणून असं होतं. पण पदार्थाची ओळख बरीचशी नाकातून होते, जिभेवर असतानासुद्धा, कारण घशाच्या मागून वास नाकात चढतच असतो. गुणपत्रिका तुम्हाला वासाची ओळ आधी भरायला लावते, आणि तिथेच लेखकाचा कस लागतो.

आता टेबलाकडे. पहिल्याच खेपेला परीक्षक व्हायचा आग्रह धरू नका, स्ट्युअर्ड व्हा. स्ट्युअर्ड बाटल्या आणून देतो, नोंदणीचे क्रमांक जुळवतो, ग्लास आणि पाणी बघतो, भरलेल्या गुणपत्रिकांची बेरीज तपासतो. अनेक ठिकाणी परीक्षक त्यालाही घोटभर चाखायला देतात. दोन अनुभवी माणसं एकाच बिअरबद्दल काय लिहितात आणि मग एकमेकांशी काय बोलतात, हे शेजारी बसून ऐकायला मिळणं ही मोठी संधी आहे. ती सोडू नका.

परीक्षणाच्या दिवशी अत्तर, डिओ, सुगंधी हँडक्रीम, लिपस्टिक यातलं काहीही नको. सकाळी मसालेदार खाणं आणि कडक कॉफी टाळा. लाकडी पेन्सिलला स्वतःचा वास असतो, म्हणून बरेच परीक्षक खटक्याची पेन्सिल वापरतात. बारीकसारीक वाटेल, पण हात तोंडाजवळ नेताना त्या वासाचा खरोखर त्रास होतो. शिवाय प्रत्येक बिअर साठ-नव्वद मिलिलिटर जरी घेतली तरी सात-आठ एन्ट्र्यांनंतर ती बरीच होते. पूर्ण घोट गिळायचं बंधन कुणावरच नसतं. घरी जाताना गाडी स्वतः चालवायची नाही, हे मात्र आधीच ठरवून जा.

बिअर ओतली की लगेच नाक ग्लासात. रंग नंतर बघा, तो कुठे जात नाही. काही वास पहिल्या मिनिटाभरात उडून जातात, विशेषतः गंधकाचे. दोन-तीन छोटे श्वास घ्या, जे आलं ते लिहा, मग रंग, निर्मळपणा आणि फेस बघा. फेस किती आला यासोबत किती वेळ टिकला तेही लिहा. त्यानंतर तळहाताने ग्लास झाकून हलका फिरवा आणि पुन्हा वास घ्या. आता चाखा. सुरुवातीला काय, मध्ये काय, गिळल्यावर काय उरतं, आणि कडवटपणा किती वेळ रेंगाळतो. बिअर फार थंड आली असेल तर ग्लास दोन्ही हातांत धरून थोडी ऊब द्या आणि पाच मिनिटांनी परत या. बंद वाटणारी बिअर अशी ऊब मिळाली की बोलायला लागते. हे सगळं होईपर्यंत शेजारच्या परीक्षकाशी बोलायचं नाही, चेहऱ्यावरही काही दाखवायचं नाही. ‘अरे बापरे’ एवढं जरी तोंडातून निघालं तरी समोरच्याचं मत त्या बाजूला झुकतं.

लिहिण्यातला फरक एका उदाहरणाने दाखवतो. (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य.) जर्मन पिल्स या फिक्या, कडवटसर बिअरच्या कॅटेगरीत आलेल्या एका बिअरवर नवखा परीक्षक लिहितो: ‘वास चांगला आहे पण थोडा विचित्र. हॉप्स कमी वाटले.’ त्याच बिअरवर सरावलेला परीक्षक लिहितो: ‘पहिल्याच वासात मध्यम लोणी, ऊब आल्यावर वाढलं. त्याखाली हलका धान्याचा, खाऱ्या कुरकुरीत बिस्किटाच्या जातीचा माल्ट. हॉप्सचा फुलांसारखा वास अगदी मंद, या स्टाईलला तो याहून ठळक हवा. आंबणं संपत आल्यावर बिअर दोन-तीन दिवस थोड्या वाढीव तापमानाला ठेवून बघा.’ दुसऱ्या नोंदीत प्रत्येक गोष्टीची मात्रा आहे, क्रम आहे, आणि शेवटी करण्याजोगा उपाय आहे. ‘विचित्र’ हा शब्द वाचून बिअर बनवणारा काय करणार?

इथे कारणमीमांसा कळायला हवी, नाहीतर उपाय सुचवता येत नाही. लोण्याचा वास डायअसिटिलचा. आंबवताना यीस्टमधून बाहेर पडलेल्या एका पदार्थापासून तो तयार होतो, आणि यीस्टला वेळ आणि ऊब मिळाली तर तेच त्याला पुन्हा शोषून घेतं, म्हणून शेवटचे ते उबदार दिवस. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास ॲसिटाल्डिहाइडचा. बहुतेक वेळा तो बिअर यीस्टपासून लवकर वेगळी केल्याचा पुरावा असतो. उकडलेल्या मक्याचा वास डीएमएसचा, म्हणजे डायमिथाइल सल्फाइड या गंधकयुक्त द्रव्याचा. फिक्या माल्टमध्ये त्याचं मूळ असतं, उष्णतेने ते डीएमएस होतं आणि उघड्या भांड्यात जोरदार उकळल्यावर वाफेबरोबर निघून जातं. भांड्यावर झाकण ठेवून उकळलं की ते आतच राहतं. जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा, दवाखान्यासारखा वास आला तर पाण्यातल्या किंवा भांडी धुण्याच्या द्रावणातल्या क्लोरीनवर आधी संशय घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ऑक्सिजन लागून बिअर शिळी झाली.

पण दोष हा नेहमी स्टाईलच्या संदर्भात दोष असतो, आणि परीक्षणातला मला सगळ्यात प्रिय भाग हाच आहे. जर्मन पिल्समध्ये लोणी चालत नाही. चेक प्रीमियम पेल लागरमध्ये (लागर म्हणजे थंड तापमानाला आंबवलेली बिअर) मात्र अगदी कमी प्रमाणात ते स्वीकारलं जातं. बव्हेरियन गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास हवाच, तो नसेल तर गुण जातात. हाच लवंगेचा वास एखाद्या स्वच्छ लागरमध्ये आला तर ताबडतोब संसर्गाचा विचार करावा लागतो. म्हणून टेबलावर बसायच्या आदल्या रात्री तुमच्या वाट्याच्या कॅटेगरीचं पान वाचा, आणि चाखतानाही ते समोर ठेवा. बीजेसीपीच्या २०२१ च्या आवृत्तीत बिअरच्या ३४ कॅटेगरी आहेत. त्या तोंडपाठ करायची गरज नाही, कुणी अपेक्षाही करत नाही. स्वतःला न आवडणाऱ्या स्टाईलची बिअर निष्ठेने तोलता येणं, ही खरी पात्रता.

नाक घरीच तयार करता येतं. एकच हॉप्सवाली बिअर दोन स्वच्छ काचेच्या ग्लासांत ओता. एक अंधारात ठेवा, दुसरी कडक उन्हात काही मिनिटं. मग दोन्हींचा वास घ्या. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाशाचा परिणाम होऊन जो उग्र, गंधकी वास तयार होतो तो एकदा असा शेजारी ठेवून घेतला की कधीच विसरत नाही, आणि बिअरच्या बाटल्या बहुधा तपकिरी का असतात तेही कळतं. शिळेपणा ओळखण्यासाठी एकाच बॅचची एक बाटली फ्रिजमध्ये आणि एक उबदार कपाटात काही आठवडे ठेवा आणि एकाच बैठकीत उघडा. हे दोन-तीन मित्रांबरोबर करा, कारण प्रत्येकाची संवेदना वेगळी असते. काहींना डायअसिटिल जेमतेम जाणवतं, काहींना थेंबभरही झोंबतं. आपण कशाला आंधळे आहोत हे माहीत असलेला परीक्षक शेजाऱ्याला विचारतो: ‘मला लोणी येत नाहीये, तुम्हाला येतंय का?’ असा परीक्षक टेबलावर असणं मला नेहमी दिलासा देतं.

गुणांबद्दल थोडं. दोघांनी स्वतंत्र गुण दिल्यावरच चर्चा होते, आणि अंतिम गुण साधारणपणे एकमेकांपासून ७ गुणांच्या आत आणायचे असतात. फरक मोठा असेल तर दोघं पुन्हा चाखतात. कितीही बिघडलेली बिअर असली तरी १३ च्या खाली जायचं नाही असा शिष्टाचार आहे. दुसऱ्या टोकाला, ४५ च्या वर गुण द्यायला हात कचरू नये, बिअर त्या तोलाची असेल तर द्यावेत. नवे स्पर्धक ३१-३२ गुण बघून खट्टू होतात, पण ३० ते ३७ हा टप्पा ‘खूप चांगली’ या वर्णनाचा आहे. शेवटची बेस्ट ऑफ शोची फेरी वेगळी असते. तिथे गुणपत्रिका नसतात. आपापल्या कॅटेगरीत जिंकलेल्या बिअर शेजारी शेजारी ठेवून परीक्षक एकेक करून बाजूला काढत जातात. पहिल्या वर्षी ती फेरी नुसती बघायला मिळाली तरी जा.

पुढे बीजेसीपीची परीक्षकाची परीक्षा द्यायची असेल तर आधी ऑनलाइन प्रवेशपरीक्षा असते. ती पास झाल्यावर वर्षभरात चाखण्याची परीक्षा द्यावी लागते: ९० मिनिटांत ६ बिअर, प्रत्येकीची पूर्ण गुणपत्रिका. तपासताना पाच कसोट्या लावतात: गुण किती अचूक, जाणवलं किती, वर्णन किती नेमकं, सुधारणेचा सल्ला किती उपयोगी, आणि पत्रिका किती पूर्ण. म्हणजे नुसतं नाक तल्लख असून भागत नाही. जाणवलेलं कागदावर उतरवता न आल्याने कमी गुण मिळालेले लोक मी पाहिले आहेत. तुम्ही लिहिणारे आहात, तुमची बाजू इथे भक्कम आहे.

आता खाद्यलेखनाच्या स्पर्धेबद्दल. इथे कोणाची कसोटी काय आहे ते आधी बघा, कारण बिअरसारखी एकच सर्वमान्य गुणपत्रिका इथे नाही. अमेरिकेतल्या जेम्स बीअर्ड फाउंडेशनच्या माध्यम पुरस्कारांत प्रसिद्ध झालेलं काम पाठवायचं असतं. खाद्येतिहासावरचं लेखन असेल तर १९९५ मध्ये सुरू झालेलं सोफी को पारितोषिक आहे, आणि तिथे संशोधनाचा पाया भक्कम लागतो. बिअरवरच्या लेखनासाठी १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश गिल्ड ऑफ बिअर रायटर्सचे वार्षिक पुरस्कार आहेत. याखेरीज मासिकं आणि साहित्य महोत्सव यांच्या छोट्या स्पर्धा कितीतरी. एकच लेख सगळीकडे फिरवू नका. ज्या स्पर्धेला पाठवायचं तिचे आधीचे विजेते लेख मिळवून वाचा. परीक्षकांना काय भावतं हे त्यातून जितकं कळतं तितकं नियमावलीतून कळत नाही.

नियमावली मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. शब्दमर्यादा ओलांडलेला लेख अनेक ठिकाणी वाचलाच जात नाही. लेख पूर्वप्रकाशित चालतो का, स्वतःच्या ब्लॉगवर टाकलेला ‘प्रकाशित’ धरतात का, नाव लेखाच्या आत कुठे यायचं नाही ना, हे तपासा. हक्कांच्या कलमापाशी थांबा. विजेत्या लेखाच्या एकदाच छपाईचा हक्क मागणं रास्त आहे. पण नुसता भाग घेतल्याने सगळ्या लेखांचे सगळे हक्क कायमचे आयोजकांकडे जातात असं लिहिलं असेल, तर बक्षीस कितीही मोठं असो, मी पाठवत नाही आणि तुम्हीही पाठवू नये असंच सांगेन.

लेखाच्या आत टेबलावरची सवय वापरा: आधी नोंद, मग मत. पावावर लिहिताय समजा. ‘अप्रतिम, स्वर्गीय पाव’ असं लिहिलंत तर वाचकाच्या हाती काही लागत नाही. कवच अंगठ्याने दाबल्यावर तडकलं का नुसतं दबलं, आतला गर ओढल्यावर धाग्यासारखा लांबला का भुगा झाला, आंबूस वास दह्याकडे झुकणारा होता का व्हिनेगरकडे, एवढं सांगितलंत तर चांगला की वाईट हे वाचक स्वतः ठरवतो आणि तुमच्यावर विश्वासही ठेवतो. परीक्षक एका बैठकीत ढीगभर लेख वाचतात. आजीच्या स्वयंपाकघरातली सकाळ आणि दरवळणारा सुगंध यांनी सुरू होणारे लेख त्यात इतके असतात की तुमची आजी कितीही खरी असली तरी ती त्या गर्दीत हरवते. तिला लेखात आणायचं असेल तर तिच्या हाताची एक विशिष्ट कृती आणा: पीठ झालं हे ती कशावरून ओळखायची? बोटाने, कानाने, की भांड्याच्या कडेकडे बघून?

पाककृती पाठवायची असेल तर ती दुसऱ्याच्या हातून, तुम्ही खोलीत नसताना, एकदा करून घ्या. वजन ग्रॅममध्ये द्या. ‘सोनेरी होईपर्यंत’ बरोबर अंदाजे किती मिनिटं तेही द्या, आणि भांडं केवढं ते विसरू नका. पाककृतीचे परीक्षक खरोखर करून बघतात तेव्हा बहुतेक प्रवेशिका इथेच अडखळतात.

दोन्हीकडे लागू असलेला एक नियम: ज्या कॅटेगरीत तुमची एन्ट्री आहे त्या कॅटेगरीचं परीक्षण करायचं नाही. जवळच्या मित्राची बाटली किंवा लेख ओळखू आला तर आयोजकाला लगेच सांगा आणि दुसऱ्या टेबलावर जा. कुणी विचारलं नाही तरी सांगा. होमब्रू पाठवताना बाटलीवर ओळख पटेल अशी कुठलीही खूण, नक्षी, छापील बूच नको, आणि घरगुती बिअर बनवण्याचे व पाठवण्याचे तुमच्याकडचे कायदे आधी बघून घ्या.

बिअर पाठवतानाच त्याच बॅचची एक बाटली थंड जागी राखून ठेवा. गुणपत्रिका हातात आल्या की ती उघडा आणि परीक्षकांनी लिहिलेला एकेक शब्द स्वतःच्या ग्लासात शोधा. दोघांनाही मका आला असेल आणि तुम्हाला येत नसेल, तर तिसऱ्या माणसाला न सांगता चाखायला द्या. लेखन स्पर्धांतून असा अभिप्राय बहुधा येत नाही. तिथे निकालानंतर विजेता लेख आणि तुमचा लेख शेजारी ठेवा, दोन्हींतली वास, चव आणि पोत यांबद्दलची वाक्यं अधोरेखित करा, आणि पुढचा लेख लिहायला घ्यायच्या आधी आणखी एका स्पर्धेत स्ट्युअर्ड म्हणून नाव नोंदवा.